तीन नंबरचा रंग कोणता?

मास्तरांच्या निरोप समारंभात सात भाषणं झाली आणि सातही खोटी होती. कुणी म्हणालं साधी राहणी, कुणी म्हणालं कडक शिस्त, दोघांनी तर 'वडिलांसारखे' म्हणून डोळे पुसले. माझी पाळी आली तेव्हा घसा बसलाय असं सांगून मी जागेवरून उठलोच नाही. घसा ठणठणीत होता. पण मला जे सांगायचं होतं ते चहा-बिस्किटांच्या टेबलासमोर सांगण्याजोगं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे. हा माणूस मला कधीच आवडला नाही, आजही आवडत नाही, आणि त्याला सर्वांत जास्त ओळखणारा मीच आहे. तोंडावर मी त्यांना कायम अहो-जाहोच केलं. मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिता येणार नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. आमचं पाणी शुद्ध करण्याचं केंद्र आहे. नदीचं पाणी गाळायचं, त्यात औषध घालायचं आणि सहा पंपांनी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, की तिथून शहरभर नळांना पाणी. हे सहा पंप चालू आहेत की बंद, हे ज्या खोलीत बसून बघतात ती पॅनलची खोली, आणि मास्तर त्या खोलीतले सर्वांत जुने. हे नाव त्यांना पडलं ते लोकांची परीक्षा घेण्याच्या खोडीमुळे. माझी तर रोज घ्यायचे. खुर्चीत रेलायचे, डायरी उघडायचे, पेनाचं टोपण काढायचे आणि खोलीत चार माणसं असली तरी मोठ्यानं विचारायचे, "सांग रे शहाण्या, तीन नंबरचा रंग कोणता?"

"हिरवा."

"नीट बघून सांग. डोळे आहेत की बटणं?"

"हिरवाच आहे."

"शाबास. बालवाडी पास." आणि डायरीत लिहायचे: तीन नंबर चालू.

खोली हसायची. मी तिशी ओलांडलेला बाप्या माणूस, घरी दोन मुलींचा बाप, आणि हा मला रंग ओळखायला लावायचा. पाळीत आठ नोंदी, म्हणजे आठ वेळा परीक्षा. अशी नऊ वर्षं. एकदा मी वैतागून "जांभळा" म्हणालो. मला वाटलं, चिडतील, ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "थट्टा बाहेर जाऊन कर. इथे नाही." तेवढा एकच दिवस त्यांनी मला शहाण्या म्हटलं नाही.

आता पॅनल कसं होतं ते सांगतो. भिंतीएवढं पत्र्याचं कपाट. प्रत्येक पंपाला दोन दिवे, वर हिरवा, खाली लाल. वरचा लागला की पंप चालू, खालचा लागला की बंद. फक्त तीन नंबरचं, म्हणजे सर्वांत मोठ्या पंपाचं, तसं नव्हतं. तिथला पत्रा गंजून एक भोक वाया गेलं होतं, म्हणून वायरमननं तिथे एकच दिवा बसवला. पंप चालू असला की हिरवा आणि बंद असला की लाल होणारा. "काम भागलं ना?" म्हणाला आणि गेला. आमच्यापैकी कुणाचंच काही अडलं नाही. मास्तरांचं काय झालं ते मला नऊ वर्षांनी कळलं.

हा दिवा बसला त्याच आठवड्यातली गोष्ट. तेव्हा मी मास्तरांच्या नंतरच्या पाळीला होतो. पाळी बदलताना आमच्याकडे एक रीत आहे. जाणाऱ्यानं सहाही पंपांची स्थिती मोठ्यानं वाचायची, येणाऱ्यानं पॅनलकडे बघत ऐकायची आणि डायरीत सही करायची. सही झाली की जबाबदारी येणाऱ्याची. त्या दुपारी माझी सायकल पंक्चर झालेली, मी घामानं निथळत पोचलो. मास्तरांनी वाचलं, "तीन चालू." मी वर न बघता सही ठोकली आणि तोंड धुवायला गेलो. तोंड पुसत परत आलो, तर तीन नंबरचा दिवा लाल. तोवर फोन वाजायला लागला होता. टाकीचा तळ दिसत होता आणि अर्ध्या शहराचे नळ कोरडे होते.

चौकशीत मास्तर शांतपणे म्हणाले, "मी सोडला तेव्हा चालू होता. नंतर बंद पडला असेल. सही बघा की." एवढी मोठी टाकी दहा मिनिटांत रिकामी होत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण सही माझी होती आणि कागदापुढे अक्कल चालत नाही. माझ्या फायलीत ठपक्याचं पत्र लागलं. त्यानंतर पाळीप्रमुखाच्या जागेसाठी तीनदा माझं नाव वर गेलं आणि तीनदा त्या पत्रानं खाली ओढलं. न बघता सही केली ही माझी चूक, मी ती कधी नाकारली नाही. पण खोटं वाचलं कोणी?

एवढ्यानं भागलं नाही. पुढच्याच महिन्यात मास्तर मोठ्या साहेबांकडे गेले आणि मला मागून घेतलं. "ह्याला माझ्या पाळीला द्या. बघायला शिकवतो." साहेबांना तो मोठेपणा वाटला. मला जखमेवर मीठ वाटलं. त्याच दिवसापासून सुरू झालं ते, सांग रे शहाण्या, तीन नंबरचा रंग कोणता?

बाकी मास्तरांचे नियम सगळ्या केंद्रात प्रसिद्ध होते. डायरीत फक्त निळी शाई. लाल आणि हिरव्या पेनाला खोलीत बंदी. एका साहेबानं एकदा लाल शाईत शेरा मारला तर मास्तरांनी डायरी परत पाठवली. अंगात बारा महिने पांढरा शर्ट. लोक त्याला साधी राहणी म्हणायचे. वर्षाच्या तपासणीत डॉक्टर ठिपक्यांचं पुस्तक पुढे करायचा, रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत लपलेले आकडे ओळखायचे. आम्ही अडखळायचो, डोळे बारीक करायचो. मास्तर घडघड सांगायचे, पाढे म्हटल्यासारखे, आणि डॉक्टर आम्हाला म्हणायचा, "बघा, वयानं मोठे आहेत, पण नजर बघा." डॉक्टरकडे ते पुस्तक वीस वर्षं एकच होतं आणि पानं त्याच क्रमानं उलटली जायची, याचा कुणी विचार केला नाही. मीही नाही.

मग केंद्रात संगणक आले. पत्र्याचं कपाट जाणार, त्याच्या जागी मोठे पडदे लागणार, आणि पडद्यावर सहा पंपांची चित्रं. प्रत्येक चित्रावर एकच ठिपका, चालू असला की हिरवा, बंद असला की लाल. म्हणजे तीन नंबरची गत सहाही पंपांची होणार. हे पडदे बनवणाऱ्या कंपनीकडून एक बाई आल्या. हुशार, बोलायला नेमक्या, आणि आमच्या लोकांना बाई माणसाचं नाव लक्षात ठेवायचा आळस, त्यामुळे त्या झाल्या स्क्रीनबाई.

एका सकाळी स्क्रीनबाईंनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर पडद्याचं चित्र पाडलं होतं, पंप एक ते सहा, तीन हिरवे, तीन लाल. त्या म्हणाल्या, "शंभर पुरुषांत पाच-सात जण तरी असे असतात की ज्यांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्यांना आपला पडदा कसा दिसेल हे बघायला एक सॉफ्टवेअर असतं. यादीतून प्रकार निवडायचा, बटण दाबायचं, की चित्र त्यांच्या नजरेला जसं दिसतं तसं आपल्याला दिसतं." त्यांनी यादी उघडली. लाल न ओळखणारे, हिरवा न ओळखणारे, निळा न ओळखणारे. त्यांनी दुसरा प्रकार निवडला आणि काही न बोलता बटण दाबलं.

सहाही ठिपके एका रंगाचे झाले. मातकट पिवळे. कोणता हिरवा होता, कोणता लाल, काही कळेना. कोपऱ्यातली हिरवळीची चित्रं, वरची लाल पट्टी, सगळं त्याच गढूळ पिवळ्यात. खोलीत कुणी बोलेना.

तेवढ्यात मागच्या रांगेतून मास्तर म्हणाले, "बाई, ते बटण दाबणार आहात की नुसती कथा सांगणार आहात?"

साहेब खो-खो हसले. "मास्तरांना काही पटतच नाही!" साहेब हसले म्हणून सगळे हसले. मास्तरांच्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत होतं. हसलो नाही ते तिघे. स्क्रीनबाई, मी, आणि मास्तर स्वतः. त्यांनी आजूबाजूच्या हसणाऱ्या तोंडांकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि पेनाचं टोपण काढून परत लावलं. ते बटण आधीच दाबलं गेलं होतं आणि त्यांच्यासाठी काहीही बदललं नव्हतं.

स्क्रीनबाई म्हणाल्या की नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नये. चालू पंपाला गोल आणि बंद पंपाला चौकोन द्यावा. साहेबांनी हात झटकला. "पुन्हा सगळी चित्रं काढायला तुम्हाला दोन महिने लागणार. आणि कुणासाठी? आमच्याकडे दरवर्षी डोळे तपासतात. असा एकही माणूस आमच्याकडे नाही." मास्तर टोपणाकडे बघत होते. तेव्हा ते एक वाक्य बोलले असते तर गोल-चौकोन झाले असते. पण बोलले असते तर दुसऱ्या दिवशी पॅनलवरून उठवले गेले असते, हेही तितकंच खरं.

बाहेर पडताना स्क्रीनबाईंनी मला विचारलं, "ते नेहमी असंच बोलतात का?"

"नेहमी," मी म्हणालो. मी त्यांना वाचवत नव्हतो. सापडलेली गोष्ट मला इतक्यात कुणाला द्यायची नव्हती.

ते सॉफ्टवेअर कुणालाही फुकट मिळतं. मी घरच्या संगणकावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तीन नंबरच्या दिव्याचे दोन फोटो काढले, एक पंप चालू असताना, एक बंद असताना. घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि बटण दाबलं. दोन्ही दिवे सारखे. बटण काढलं, पुन्हा दाबलं. सारखेच. बायकोनं विचारलं, "कसले दिवे बघत बसलाय?" नऊ वर्षांचा सगळा हिशोब त्या दोन सारख्या दिव्यांत होता. ह्या माणसाला त्या दुपारी पंप चालू की बंद हे दिसलंच नव्हतं. अंदाजानं 'तीन चालू' वाचून तो घरी गेला आणि ठपका माझ्या गळ्यात पडला. मग मला शिकवायला नव्हे, वापरायला मागून घेतलं. रोज माझे डोळे उसने घ्यायचे आणि वर मलाच विचारायचं, डोळे आहेत की बटणं? दया येईल असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, मला दया आली नाही. मला इतका संताप आला की मी जेवलो नाही.

साहेबांकडे जाऊन सांगावं, तर पुरावा काय? ठिपक्यांच्या पुस्तकात मास्तर दरसाल पहिले. उलट मीच जळकुटा ठरलो असतो. मी गप्प बसलो आणि वाट बघितली. फार बघावी लागली नाही.

पडदे लागले आणि चाचणीचा दिवस ठरला. स्क्रीनबाई खालच्या खोलीतून पडद्यावर लुटुपुटूची स्थिती पाठवणार. खऱ्या पंपांना धक्का लागणार नव्हता. वर आम्ही दोघांनी, मास्तरांनी आणि मी, पडद्यावर दिसेल ते आपापल्या कागदावर लिहायचं. चाळीस वेळा चित्र बदलणार. शेवटी कागद स्क्रीनबाईंच्या यादीशी जुळवायचे. एकमेकांशी बोलू नका असं कुणी सांगितलं नव्हतं. पंप चालू की बंद हे कुणाला विचारून लिहावं लागेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

दार बंद झालं. पहिलं चित्र आलं. मास्तरांनी कागद सरळ केला आणि म्हणाले, "चल, वाच सहाही. मोठ्यानं. पडदे आले म्हणून रीत मोडायची नाही."

काय सोंग होतं! नऊ वर्षांपूर्वी ज्या रीतीनं मला बुडवलं तीच रीत पुढे केली. मी वाचायला लागलो. एक चालू, दोन बंद, तीन चालू. चार, पाच, सहा खरे सांगितले. तीन खोटा सांगितला. पडद्यावर तीन नंबर लालभडक होता. माझ्या कागदावर मी 'बंद' लिहिलं. मास्तरांनी 'चालू' लिहिलं.

चाळीस चित्रांत तीन नंबर अकरा वेळा बंद होता. अकराही वेळा मी "तीन चालू" वाचलं. पहिल्यांदा आवाज जरा कापला. मास्तरांनी वरही बघितलं नाही. हा माणूस दुकानदारानं दिलेली पावती दोनदा वाचायचा, डॉक्टरचं औषध तिसऱ्याला विचारून घ्यायचा, सख्ख्या भावाशी वीस वर्षं बोलत नव्हता. आणि माझ्या आवाजावर डोळे मिटून लिहीत चालला होता. शेवटी त्यांनी कागदाखाली आपली ती वळणदार सही केली आणि म्हणाले, "बरं वाचतोस आता." नऊ वर्षांत पहिल्यांदाच. मला वाटलं होतं त्या क्षणी फार आनंद होईल.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत कागद जुळवले गेले. माझे सगळे बरोबर. मास्तरांच्या अकरा चुका, अकराही तीन नंबरच्या. स्क्रीनबाईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. साहेबांनी चष्मा वर केला. "मास्तर, झोप लागली होती की काय? जाऊ द्या, एवढं लांबलं की डोळे थकतात. उद्या परत घेऊ."

मास्तर वाकून दोन्ही कागद बघत होते. माझा कागद, मग त्यांचा, मग माझा. मान वर केली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. 'हा खोटं वाचत होता,' एवढं ते म्हणाले असते तर माझी नोकरी गेली असती; चाचणीत मुद्दाम खोटं सांगणाऱ्याला पाण्यापाशी कोण ठेवेल? आणि त्यांना सुटायलाही वाट होती. साहेबांनीच उघडून दिली होती. उद्या परत.

"उद्या नको," मास्तर म्हणाले. "उद्याही असंच होईल. मला लाल-हिरवा कळत नाही. जन्मापासून."

साहेब म्हणाले, "काहीतरीच काय! तुम्ही दरवर्षी..."

"पुस्तक पाठ आहे. काढा, उलटं म्हणून दाखवतो." मग जरा थांबून, कुणाला तरी रागावल्यासारखे म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वी टाकी रिकामी झाली ती माझ्यामुळे. तीन बंद होता आणि मी चालू वाचला. ह्याच्या फायलीतलं पत्र काढा, माझ्या फायलीत लावा. आणि त्यानंतरच्या नऊ वर्षांच्या डायऱ्या आणा. प्रत्येक नोंद ह्याला विचारून लिहिली आहे. एकही चुकलेली नाही. काढून दाखवा एक."

ते माझ्याविषयी बोलत होते आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" मी विचारलं. आभार मानायचा माझा विचार नव्हता, पण आवाज तसाच आला.

मास्तर दोन पायऱ्या खाली होते. तिथूनच वळले. "उपकार केले असं समजू नकोस. तू खोटं वाचतोस असं एकदा कागदावर आलं, की माझ्या नऊ वर्षांच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवणार? त्या नोंदी माझ्या आहेत. तुझ्यासाठी मी त्या वाया घालवणार नाही."

"आणि माझी नऊ वर्षं?"

"ती मी खाल्ली," ते म्हणाले. "काल तू वसूल केलीस. फिटलं." आणि कठड्याला हात लावून उतरून गेले.

पुढे सगळं रीतसर झालं. मास्तरांची बदली सामानाच्या खोलीत झाली. डॉक्टरला नवं पुस्तक मिळालं, आणि त्यात आणखी एक माणूस सापडला, पाच वर्षांपासून औषध मोजणारा. गोल-चौकोनाला आता कुणाची हरकत नव्हती. ते बनवताना स्क्रीनबाईंनी मास्तरांना मुद्दाम बोलावून घेतलं. एका बाजूला पडद्याचं मूळ चित्र, दुसऱ्या बाजूला बटण दाबल्यावरचं. विचारलं, "काय फरक दिसतो?" मास्तर म्हणाले, "एकच चित्र दोनदा लावलंय, फरक कसला विचारता?" बाईंचा चेहरा खुलला. "म्हणजे आमचं सॉफ्टवेअर अगदी बरोबर आहे!" माणसाचं आयुष्य फाटलं आणि बाईंना माप बरोबर निघाल्याचा आनंद! तेव्हा मला त्यांचाही राग आला. माझा राग तेव्हा कुणालाच सोडत नव्हता.

माझ्या फायलीतलं पत्र निघालं. मी पाळीप्रमुख झालो. खणात मास्तरांचं निळं पेन आणि चष्म्याचं घर राहिलं होतं, ते द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. मास्तरीणबाईंनी दार उघडलं, वस्तू घेतल्या आणि मला आत या म्हटलं नाही. त्यांच्या हातात सुई-दोरा होता, खुर्चीवर मोज्यांचा ढीग.

"तपकिरी मोज्याला एक गाठ मारते, हिरव्याला दोन," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मारतेय. शाळेत झाडाची पानं तपकिरी रंगवली म्हणून त्यांना वर्गासमोर अंगठे धरून उभं केलं होतं. सगळी मुलं विचारायची, सांग रंग कोणता, सांग रंग कोणता. म्हणून ठरवलं होतं, पुन्हा कुणाला विचारायची संधी द्यायची नाही. आपणच आधी विचारायचं."

मी म्हणालो, "मला नऊ वर्षं विचारलं, वहिनी."

"माहीत आहे. घरी येऊन रोज सांगायचे, आजही बरोबर सांगितलं म्हणून." त्यांनी दोरा दातानं तोडला. "त्या चाचणीच्या दिवशीही सांगितलं." आणि दार लावून घेतलं.

मास्तर दीड वर्ष सामानाच्या खोलीत होते. आमची रोज गाठ पडायची, जेवणाच्या खोलीत, फाटकापाशी. ते माझ्याशी भांडले नाहीत, टोमणा मारला नाही, शहाण्या म्हटलं नाही. मग तो निरोप झाला, ती सात भाषणं झाली. मी त्यांना माफ केलेलं नाही. ठपक्याचं पत्र निघालं, पण नऊ वर्षं कुणी परत देत नाही. जिन्यात त्यांनी फिटलं म्हटलं, मी म्हटलं नव्हतं.

गेल्या रविवारी सकाळी मी भाजी बाजारात टोमॅटो निवडत होतो. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. पांढरा शर्ट. मी मान वळवली, त्यांनी वळवली, आणि दोघांनीही ओळख दिली नाही. गाड्यावर कच्चे-पिकले एकत्र ओतलेले होते. मास्तरांनी एक उचलला, दाबून बघितला, ठेवला. दुसरा उचलला. माझ्या जिभेवर आलं होतं. ते विचारतील म्हणून मी खरोखरच वाट बघत होतो. नऊ वर्षांची सवय, दुसरं काय.

त्यांनी पिशवी उघडली, माझ्या डोक्यावरून पलीकडे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंना हाक मारली आणि चारचौघांत, सरळ विचारलं, "ताई, मला रंग कळत नाहीत. ह्यातले लाल तेवढे काढून देता का?"

त्या बाईंनी आनंदानं आठ-दहा काढून दिले. मास्तरांनी त्यांचे आभार मानले, पैसे दिले आणि निघून गेले. त्या बाईंना हात लांबवून द्यावे लागत होते. मी जास्त जवळ उभा होतो.